काकूंची दाढ

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. दातांचा डॉक्टर होऊन वसमतला दवाखाना टाकला, तेव्हा गावाकडची माणसं विश्वासानं येऊ लागली. त्यांत शेजारच्या काकू होत्या. शाळेसाठी मी वसमतला खोली करून राहायचो, तेव्हा आई आजारी पडली की काकू माझा डबा एसटीत ठेवून पाठवायच्या.

त्यांची खालची दाढ खोल किडली होती. कीड काढून मी सिमेंट भरायला घेतलं. आमच्याकडे पेशंट त्याला सिमेंटच म्हणतात. असतं ते दाताच्या रंगाचं रेझीन. आधी मळलेल्या कणकेसारखं मऊ, दिव्याचा निळा उजेड पडला की कडक. पण तो उजेड फार खोल पोचत नाही. म्हणून दोन मिलिमीटरचा थर द्यायचा, त्यावर उजेड धरायचा, मगच पुढचा थर. काकूंच्या दाढेला तीन थर लागले असते.

त्यांना तीनची गाडी गाठायची होती. "गाडी चुकंल का रे, लेकरा?" असं त्या दोनदा म्हणाल्या. खरं सांगायचं तर घाई मलाही होती. बाहेरचं बाकडं भरलेलं होतं. मी सगळा खड्डा एकदमच भरला आणि एकदाच उजेड दिला. वरून टोचून पाहिलं, कडक लागलं. कडक काही खाऊ नका, असं सवयीनं सांगून त्यांना पाठवलं.

सहा महिन्यांनी त्या गाल सुजवून आल्या. सोबत सून होती. ती म्हणाली की सासूबाई ऐकतच नाहीत, येता-जाता फुटाणे खातात. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. मी भरलेलं उकरलं. वरचा थर काचेसारखा, आणि खाली हत्यार सहज रुतलं. चावताना तो मऊ भाग दबत राहिला, कडेनं फट पडली आणि आत पुन्हा कीड गेली. दाढ काढावी लागली.

"चुकलं रे, लेकरा. तू सांगितलं व्हतं," असं म्हणून काकूंनी मला हात जोडले.

वयोमानानं होतं, एवढंच मी बोललो.

पंचमीला गावी गेलो तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो. काकू दुधात भाकर कुस्करून खात होत्या. दुसऱ्या बाजूच्या दाढा चांगल्या होत्या, तरी. सून हसून म्हणाली, "भाऊजी, आता फुटाण्याचा डबा मीच लपवून ठेवते. न्हाई तर राहिलेल्या बी घालवतील." मी कप खाली ठेवला.

"काकू, दाढ फुटाण्यानं न्हाई गेली," मी म्हणालो. "माझं भरणं आतून कच्चं राहिलं व्हतं. मी घाई केली."

त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. "आयकलं का?" मग माझ्याकडे वळल्या. "मी हात जोडले तवा काहून बोलला न्हाईस?"

बाहेर पेशंट बसले होते, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"दाढ काढली त्या दिवशी तर बाहेर कोणीच नव्हतं," काकू म्हणाल्या.