गटारीनंतरची अंडी

पनवेलच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. म्हणजे तसा अजून धड नाही. जुने काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मला तात्पुरतं घेतलं. आमचं गाव नांदेडच्याही पलीकडे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इथे आल्यावर कळंबोलीत ट्रकमधला माल उतरवायचो. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला नसता तर अजून तेच करत असतो. हे मी विसरत नाही. विसरू म्हटलं तरी पाठ विसरू देत नाही.

ऑफिसने स्पष्ट सांगितलं होतं. अंड्यांचं प्रॅक्टिकल नीट पार पडलं तर दिवाळीपर्यंत ठेवू, नाहीतर दुसरा माणूस पाहू.

काम ऐकायला सोपं. गावठी अंडी आणायची, उबवणीच्या पेटीत ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी फोडून मुलांना दाखवायची. दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत, त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो, हे काकांनी जाताना बजावलं होतं. आत काय घडतं ते मी वर्गाच्या मागे उभं राहून ऐकलेलं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, हे तर कोंबडीच्या पोटातच सुरू होतं. मग बलकावरच्या पांढरट ठिपक्याची चकती होते, चकतीत कण्याची रेघ उमटते, लाल दोरे पसरतात. आणि डोळे, चोच, पंख धड ओळखूही येत नाहीत तेवढ्यात हृदय हलायला लागतं.

उरण नाक्यावरून आणलेली पहिली अंडी आम्ही आधी स्वतःच फोडून पाहिली. ठिपका ठिपकाच. चकती नाही, रेघ नाही. मॅडम थर्मामीटर बघत म्हणाल्या, "लाइट गेली होती का हो दादा?"

"नाही मॅडम."

"झाकण उघडं राहिलं असेल."

"नाही हो. खरंच नाही."

दुसऱ्या खेपेलाही तेच. मॅडम रागावल्या नाहीत, नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जेवण जाईना. घरी फोन केला की आई विचारायची, काम बरं चाललंय ना, आणि मी म्हणायचो, मस्त.

शेवटी नाक्यावरच्या अंडीवालीकडे गेलो. मासळीवाल्यांच्या शेजारी टोपली घेऊन बसते ती. म्हटलं, "मावशी, तुमच्या अंड्यांत काही धरत नाही."

ती शेजारणीकडे बघून खदखदून हसली. "धरंल कसा? गटारीला कोंबडा आमी खाल्ला ना! आता श्रावणात नुसत्या रांडमुंड कोंबड्या फिरतात गावात."

शेजारीण म्हणाली, "सासूनं तर तंगडीपण नाय ठेवली हिला."

मी तिथेच कट्ट्यावर टेकलो. आषाढातल्या त्या अमावास्येला आसपासच्या गावांतले कोंबडे रश्श्यात जातात. कोंबड्या अंडी देत राहतात, पण थोड्या दिवसांनी ती अंडी रिकामीच. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या किती तरी दिवसांनी हसल्या. पुढच्या तासाला परिसंस्था शिकवताना फळ्यावर अन्नसाखळी काढली आणि एका बाजूला लिहिलं, गटारी. "लिहून घ्या रे. शिकारी वर्षातून एकदाच येतो, पण हिशोब महिनाभर चुकतो." मुलं हसली. मला हसू येईना, कारण अंडी अजून मिळायची होती.

एसटीने गव्हाण गावी गेलो. दारोदार विचारत फिरलो, कोंबडा आहे का? लोकांना वाटलं मला खायला हवाय. दोघांनी तर श्रावणाची आठवण करून दिली. ऊन होतं, पाय दुखत होते. शेवटच्या आळीत एका अंगणात तांबडा, ऐटदार कोंबडा दिसला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

घरची म्हातारी म्हणाली, "ह्याला हात नाय लावायचा. देवीला बोललाय. पोराला नोकरी लागली की द्यायचा."

"कोंबडा नको आजी, अंडी द्या. कॉलेजला हवीत."

अंडी मिळाली. प्रॅक्टिकलच्या दिवशी कोमट मिठाच्या पाण्यात पहिलं अंडं फोडलं आणि बलकावर लाल दोऱ्यांची जाळी पसरलेली. मधे एक ठिपका टुकटुक करत होता. मुलं एकमेकांना ढकलत होती, ती पुढे वाकून बघायला लागली. एक मुलगी म्हणाली, "थांबेल का ते?" मॅडम म्हणाल्या, "हो. बघून घ्या." ते थांबलं. मग सगळ्या काचा मीच धुतल्या. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. जाताना मॅडम म्हणाल्या, "दादा, दुसऱ्या बॅचलाही लागतील."

परत गव्हाणला गेलो. आजीने लांबूनच विचारलं, "पिल्लं निंगाली का रं?"

खरं ते सांगितलं. फोडली, पाहिली, संपली.

तिने कोंबड्याकडे पाहिलं. "खाल्लीबी नाय?"

"नाही."

"मंग असली कसली शाळा रं ही." तरी उठली, टोपल्यातून अंडी काढायला लागली. "कालेजात आमच्या पोराला बग ना कायतरी. शिपाई चालंल, कायपण चालंल."

तिथे एकच जागा आहे आणि तिच्यावर मी आहे. तीही दिवाळीपर्यंत, तीही ह्या अंड्यांवर. "आजी," मी म्हटलं, "माझीच नोकरी पक्की नाही अजून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग अंडी भुशात ठेवत म्हणाली, "असा हाय व्हय. मंग तुजंबी देवीच्या कानावर घालते. कोंबडा एकच हाय, म्हनंन, दोगांचं त्यातच भागवून घे."

मी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो.