खडूच्या पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

देवाच्या नावानं मी आयुष्यात एकदाच लिहिलं, आणि लिहिला तो एकच शब्द. फक्त दोनदा लिहिला. पुढचे अकरा दिवस माझी जी गत झाली ती मी कुणाला धड सांगितलेली नाही, कारण सांगायला लागलो की ऐकणारा अर्ध्यातच माझ्या बायकोची बाजू घेतो. घ्यायलाच हवी म्हणा.

तो त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी मिरजगावच्या पुढं एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शाळेच्या पटावर साठ पोरं, वर्गात नऊ. बाकीची आईबापांमागं तलावाच्या कामावर गेलेली. घरोघरी रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकऱ्या चालल्या होत्या, आणि त्या गिळताना माझ्या मास्तरकीच्या बढाया आपोआप कमी होत होत्या.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ही लग्नाआधी नगरला दवाखान्यात नर्स होती. शिकलेली, पगारदार मुलगी मला कशी मिळाली याचं श्रेय मी बरेच महिने माझ्या सरळ नाकाला देत होतो. खरी गोष्ट निराळी होती. एक बाळंतीण हिच्या हातात गेली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुझी चूक नाही, कुणीच काही करू शकलं नसतं. पण हिनं आठवड्याभरात राजीनामा दिला आणि त्यानंतर आलेलं पहिलं स्थळ पत्करलं. दवाखान्यापासून लांब नेणारा कुणीही चालला असता. तो मी निघालो.

एका रविवारी उपासना झाल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब सायकल भिंतीला टेकवून घरात आले. सहा मैलांवर पाझर तलावाचं काम चालू होतं, हजारभर माणूस मातीवर आणि खडीवर. दिवस भरत आलेल्या बायाही डोक्यावर पाट्या घेऊन चढत होत्या. दोघी तिथंच बांधाच्या आडोशाला बाळंत झाल्या होत्या. नगरचा तोच दवाखाना तिथं एक तंबू टाकणार होता. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस सांभाळायला नर्स पाहिजे होती. पाऊस पडेपर्यंत.

चहाचा कप हिनं दिला, पण पाळकसाहेबांनी विचारलं मला. "मास्तर, तुमचा काय विचार?"

मी म्हणालो, तिची तब्येत नाजूक असते. ही त्या वेळी पाण्यानं भरलेली घागर एका हातानं कोपऱ्यात सरकवत होती. पाळकसाहेबांनी घागरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चहा संपवला.

त्यानंतर घरात कुणाला स्वस्थता नव्हती. ही काही बोलायची नाही. पीठ मळता मळता हात थांबायचा. दुपारी तलावाकडून सुरुंगाचा आवाज आला की दारात जाऊन उभी राहायची, आत यायची, परत जायची. मी विचारलं तर म्हणायची, देवाला काय पाहिजे ते कळत नाही. मला काय पाहिजे ते मला चांगलं कळत होतं. बायको तंबूत गेली तर गाव काय म्हणेल, हे मी मोठ्यानं बोलत होतो. भाकरी कोण करणार, हे मनात. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. ही तिथं गेली की परत पहिल्यासारखी होणार, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी पांढऱ्या साडीत उभी राहणारी, आणि मग माझं नाक पुरणार नव्हतं.

शेजारी एक म्हाताऱ्या बायबलबाई राहायच्या. तरुणपणी गावोगाव चालत जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम त्यांनी केलेलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू, दातांना मिश्री आणि तोंडाला खीळ नाही. त्यांनी हिला सल्ला दिला, "पोरी, झुरतीस कशापायी? चिठ्ठ्या टाक. मीबी टाकल्यात, दोनदा."

आमच्या मंडळीत ही रीत जुनी. माणसाला अवघड पेच पडला की तीन दिवस प्रार्थना करायची, मग दोन चिठ्ठ्या करायच्या आणि एक उचलायची. नियम दोनच. ज्याचा प्रश्न त्यानं चिठ्ठी लिहायची नाही. आणि उचललेली वाचून झाली की उरलेली न उघडता चुलीत टाकायची. देवानं जे सांगितलं नाही ते माणसानं वाचू नये, असं जुनी माणसं म्हणत.

बायबलबाईंना दिसत नव्हतं. तेव्हा लिहायला राहिलो मी.

शाळेतली खडूची लाकडी पेटी रिकामी करून आणली. वहीचं एक पान फाडून त्याचे दोन सारखे तुकडे केले. पहिल्यावर लिहिलं, 'थांब'. इथपर्यंत मी प्रामाणिक होतो, हे कृपा करून नोंदवून घ्यावं. दुसरा तुकडा पुढं ओढला, पेन टेकवलं, आणि बाहेर बायबलबाई हिला सांगत होत्या की मन घट्ट कर, काय येईल ते देवाचं. मला 'जा' लिहायचं होतं. दोन काना-मात्रांचंही काम नव्हतं. पण हात पुढं सरकेना. मग सरकला तो 'थांब' लिहूनच थांबला.

पेटी हलवली. बायबलबाईंनी लांबलचक प्रार्थना केली. हिनं डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी काढली, बोटं खडूनं पांढरी झाली. वाचली. मग डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, बिचारीला किती दुःख झालं.

उरलेली चिठ्ठी मी घाईनं उचलली. पण आमच्याकडं सरपण नव्हतं म्हणून चूल एकदाच पेटायची, सकाळी, आणि ती कधीच गार झाली होती. म्हणून चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घातली. संध्याकाळी हिनं विचारलं, "जाळलीत ना?"

"जाळली," मी म्हणालो.

आता सकाळी उठून ती खरंच जाळायला काय हरकत होती? सकाळी चुलीपुढं ही बसलेली. दुसऱ्या दिवशीही हीच बसलेली. बाहेर नेऊन फाडावी तर खिशात हात घालायलाच नको वाटे. दिवसभर तो कागद छातीवर असायचा. मी फळ्यावर तारीख चुकीची लिहायचो. पाढे घेताना सातच्या पाढ्यातून आठच्या पाढ्यात शिरलो आणि नऊ पोरं माझ्यामागोमाग शिरली, कुणी टोकलं नाही. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जावं कळेना. दोन-तीनदा मी विनाकारण वेशीपर्यंत जाऊन आलो.

त्यात रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी. पाळकसाहेबांनी खूण घालून ठेवलेली. पान उघडलं तर मंडळीपुढं खोटं बोलून जागच्या जागी प्राण सोडणाऱ्या नवराबायकोचा उतारा. मी वाचला. मध्ये दोनदा खोकलो. खाली उतरताना पायरी चुकली तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मला आधार दिला आणि हळूच म्हणाले, मिलो पचत नसेल तर ओवा खा.

ही मात्र आज्ञेत राहिली. तुम्हाला सांगतो, तिचं ते आज्ञेत राहणं बघवत नव्हतं. भांडी घासून झाली की परत घासायची. नवव्या दिवशी दुपारी एक बैलगाडी आमच्या दारावरून गेली. गाडीत गोधडीवर एक बाई कण्हत होती, तलावाच्या कामावरची. बरोबर तिची सासू. मिरजगावला नेत होते. ही धावत रस्त्यावर गेली. गाडीच्या साट्यावर हात ठेवून वीस-पंचवीस पावलं गाडीबरोबर चालली. सासूला काहीतरी विचारलं, वाकून त्या बाईच्या पोटावर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी पुढं गेली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला थांब म्हणून सांगितलंय."

त्या बाईचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी नंतर मिरजगावात विचारून पाहिलं. कुणाला आठवत नव्हतं, अशा गाड्या रोजच येत होत्या.

पाणी असतं तर मी दुसऱ्या दिवशीच सापडलो असतो. पण धुणं तेव्हा पंधरवड्यातून एकदा, टँकर आला तर. अकराव्या दिवशी टँकर आला, तेव्हा मी शाळेच्या घाईत मळका सदरा धुण्यात टाकून गेलो होतो. मी दुपारी शाळेतून घरी आलो तो दारात बायबलबाई बसलेल्या. मिश्रीचं बोट तोंडातून न काढताच म्हणाल्या, "या मास्तर. तुमच्या खिशात देव घावलाय."

आत खाटेवर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक तिनं शास्त्रात जपून ठेवलेली, एक घामानं पिवळी पडलेली. दोन्हींवर माझं अक्षर. मी गावात सुंदर अक्षराबद्दल नावाजलेला होतो आणि दोन्ही 'थांब' एका साच्यातून काढल्यासारखे आले होते.

मी बोलायला सुरुवात केली. तुझ्या काळजीपोटी, म्हणालो. तुला तो दवाखान्यातला प्रसंग परत आठवू नये म्हणून. ती ऐकून घेत होती. माझे शब्द संपले तेव्हा म्हणाली, "मी देवाला विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत."

ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणं सोसायची सवय होती.

मग मला एक अक्कल सुचली. म्हणालो, आपण परत टाकू. या वेळी बायबलबाई कुणाकडून तरी लिहून घेतील, मी बाहेर बसतो. तिनं मान हलवली.

"नको. तुमचं पाप तुमच्यापाशी, पण माझंही ऐका. 'थांब' वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." ती खाटेवर बसली. "पाळकसाहेब आले त्याच दिवशी मला कळलं होतं की जायचंय. चिठ्ठी मी मागितली ती भीतीनं. कुणीतरी नको म्हणावं म्हणून. ती गाडी गेली तेव्हा माझा हात त्या बाईच्या पोटावर होता. बाळ आडवं होतं. मला समजलं होतं, आणि मी कागदाचं नाव सांगून परत आले."

मी विचारलं, आता भीती वाटत नाही?

"वाटते की. हे बघा." तिनं हात पुढं केले. ते थरथरत होते. तिनं ते तसेच मांडीवर ठेवले आणि ट्रंक कुठं आहे विचारलं.

दाराबाहेरून बायबलबाई म्हणाल्या, "पोरी, मी दोनदा चिठ्ठी टाकली म्हन्लं ना? दोन्ही डाव 'जाऊ नको' आलं. दोन्ही डाव गेले मी."

"मग टाकायची कशाला?" मी वैतागून म्हणालो.

"लई भ्या वाटत हुतं, मास्तर. चिठ्ठीवर रागवायला मिळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावरच्या मजुरांना वाटायच्या सुकडीच्या पिठाची पोती घेऊन जाणारा ट्रक वेशीवर थांबला. मी ट्रंक डोक्यावर घेऊन मागं चालत होतो. गावानं पाहिलं आणि काही म्हटलं नाही; गाव पाण्याच्या रांगेत होतं. ड्रायव्हरनं मला विचारलं, काय मास्तर, कामावर लागताय का? मी म्हणालो, ही लागतीय. ट्रकात चढताना हिचा पाय दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मी हात द्यायला पुढं झालो, तोवर ती चढलीही होती. वरून तिनं खडूची पेटी माझ्या हातात दिली.

"ही शाळेत परत न्या," ती म्हणाली. "आणि यात खडू ठेवा."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी सायकलनं तलावावर गेलो. बरोबर माझ्या हातच्या चार भाकऱ्या, एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. तंबूपुढं बायांची रांग होती. बांधाच्या उतारावर दोन म्हाताऱ्या लुगडं ताणून आडोसा धरून उभ्या होत्या आणि त्यामागून हिचा आवाज येत होता. घरात मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मधूनच तो अडखळायचा, मग परत सुरू व्हायचा. एका म्हातारीनं मला पाहिलं आणि पाठमोरं व्हायला सांगितलं. मी उन्हाकडं तोंड करून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी प्रार्थना करायला लागलो, पण शब्द सुचेनात, नुसतं उभं राहता येत होतं.

मग ही आतून ओरडली, "मास्तर आलेत ना? त्यांना म्हणावं गरम पाणी आणा, आणि घाई करा."

मी धावलो. भाकऱ्यांचं फडकं हातातच होतं.