नानांना 'ही' कसं म्हणायचं?

नगरपालिकेच्या फोनवर बसणाऱ्या बाईंना सगळं गाव हॅलोबाई म्हणायचं. जिन्याखालची चिंचोळी खोली, एक खुर्ची, दोन फोन आणि वरून कोणी धावत गेलं की डोक्यावर पडणारी चुन्याची भुकटी, एवढं त्यांचं राज्य. आवाज मात्र असा गोड, की तणतणत फोन केलेला माणूससुद्धा शेवटी 'काळजी घ्या हं' म्हणून फोन ठेवायचा. इंग्रजी त्या लग्नाआधी एका हॉटेलच्या काउंटरवर शिकल्या होत्या. मोडकंतोडकं, पण बेधडक.

त्यांचे साहेब म्हणजे नगराध्यक्ष नाना. दारातून वाकून आत येणारा देह आणि झुपकेदार मिशा. त्यांना एक लांबलचक खरं नावही होतं, पण ते सही करण्यापुरतं. एरवी शाळकरी पोरांपासून त्यांच्या विरोधकांपर्यंत सगळ्यांचे ते नानाच.

पुढं परदेशातल्या एका गावाशी या गावाची मैत्री जुळली आणि तिकडचे फोन यायला लागले. कचेरीत इंग्रजी बोलायला धजावणारं माणूस एकच, त्यामुळं ते काम आपसूक हॅलोबाईंच्या गळ्यात पडलं. बोलणं जमत होतं, फक्त एका जागी जीभ अडायची. इंग्रजीत पुरुषाला 'ही'. साहेब असो की शिपाई, सगळे एकाच पंगतीत. 'ते' म्हणायची सोयच नाही. आता ज्यांच्यासमोर आपण खुर्चीला टेकूनही बसत नाही, त्या नानांना 'तो' कसं म्हणायचं? बाईंनी तोड काढली. नाना बिझी आहेत, नाना खूश आहेत, नानांनी नानांच्या हातानं झाड लावलं. फोनमागून फोन झाले, पण 'ही' काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

शेवटी पाहुणे प्रत्यक्ष आले. सभागृह गच्च भरलं. सून इंग्रजी कशी बोलते ते बघायचंच, असा हट्ट धरून हॅलोबाईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, कणा ताठ, नजर सगळीकडं.

पाहुण्यांची म्होरकी एक उंच, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. ती गुच्छ घेऊन आत आली. नानांनी हात पुढं केले. तिनं मान लववली, नानांना वळसा घातला आणि थेट सासूबाईंच्या हातात गुच्छ ठेवला.

"नाना, किती दिवस वाट पाहिली तुमची!" ती इंग्रजीत म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सासूबाईंना शब्द कळला नाही, पण आलेलं फूल परत करायची त्यांची रीत नव्हती. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "काही खाल्लंत का वाटेत?"

नानांचे हात अजून हवेतच होते. हॅलोबाईंनी धावत जाऊन त्या बाईला विचारलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तिकडं नाना म्हणजे आजी! आणि वर्षभरात फोनवर एकदाही 'ही' कानावर आलं नाही, मग पाहुण्यांना शंका तरी कशी यावी? आजीबाई गावचा कारभार हाकतात याचं त्यांना भारी कौतुक होतं.

बाईंनी भीत भीत नानांना सगळं सांगितलं.

"म्हणून म्हणतो, इंग्रजीत पूर्ण नावच वापरावं," शेजारी बसलेले नगरपालिकेचे चिटणीस फणकारले. "घ्या, तसं पुकारा."

बाईंनी माईकवर मिस्टर लावून ते लांबलचक नाव पुकारलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. कोणीच उठलं नाही. सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. नानांनीही पाहिलं, कोण येतंय ते.

"नाना, तुम्हीच!" चिटणीस कुजबुजले.

नाना आधी दचकले, मग मिशीत हसले, आणि मग पोट धरून असे हसले की खुर्ची करकरली. "अहो, त्या नावानं आई गेल्यापासून कोणी हाक मारली नाही मला. राहू दे ते. नानाच म्हणा, आणि जोडीला ते तुमचं 'ही' म्हणा."

"नाना, तुम्हाला एकेरीत?"

"बायको रोज म्हणते. माझं काही झिजलं का?"

हॅलोबाईंनी डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, "नाना... ही इज अवर नाना!" पाहुण्या बाईनं कपाळाला हात लावला आणि हसतच नानांशी हात मिळवला. आजींसाठी तिनं स्वतः विणून आणलेलं लोकरीचं जाकीट इतकं लहान, की त्याच्या बाहीत नानांचा हातसुद्धा मावेना. "सत्कार ज्यांचा झाला, त्यांनाच ते शोभेल," म्हणत नानांनी ते सासूबाईंना दिलं.

घरी जाताना सासूबाईंनी विचारलं, "नानांना तू 'ही' म्हणालीस? मग बाईमाणसाला काय म्हणतात गं?"

"शी."

"शी!" सासूबाई वाटेतच थांबल्या. "जळ्ळी मेली ती भाषा!"

हॅलोबाई पुढं बरीच वर्षं त्याच खुर्चीवर होत्या. परदेशी फोन आला की त्या आता नानांना बिनचूक 'ही' म्हणायच्या. फक्त म्हणताना दरवेळी खुर्चीतून अर्ध्या उठायच्या.