नवऱ्याच्या सहीची ओळ

आमच्या संस्थेचे लहान दवाखाने गेली वीस-बावीस वर्षे मी सांभाळतो आहे. आरोग्यसेवेतील स्त्री-पुरुष समतेवर बोलण्यासाठी मला अगत्याने बोलावले जाते. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या केबिन रोडजवळच्या एका सभागृहात, स्वतःच्या शरीराचा निर्णय बाईनेच घ्यावा, असे मी सांगितले आणि लोकांना ते पटलेही. त्याच आठवड्यात मी उत्तनच्या कोळीवाड्यातल्या आमच्या दवाखान्यात गेलो.

बाकावर एक कोळीण बसली होती. हाताला सुक्या बोंबलांचा वास, तीन मुले, आणि आता चौथ्यांदा दिवस गेलेले. चार महिन्यांपूर्वी ती, पुन्हा मूल राहू नये म्हणून, तांबी बसवून घ्यायला आली होती. नवऱ्याची सही आण, असे सांगून आमच्या नर्सबाईंनी तिला परत पाठवले. नवरा दर्यावर होता.

"दर्यात उतरून सही आणू काय, म्हणून विचारलं मी," ती मला म्हणाली. "तो आला दोन दिसांसाठी. होडीतलं मावरं उतरवायचं का कागद पुढं करायचा?"

नर्सबाईंनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. तळाशी पतीच्या सहीची ओळ होती. कायदा ती मागत नाही. ती मीच घातली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एक दारुडा नवरा, मला न विचारता बायकोला तांबी का बसवली म्हणून, दवाखान्यात शिरून याच नर्सबाईंच्या अंगावर धावला होता. त्यांच्या रक्षणासाठी मला तेवढेच सुचले. पुढे ती ओळ मी विसरून गेलो. त्या विसरल्या नाहीत.

मूल नको असेल तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो, तिथे तुमच्या एकटीची सही पुरते, असे मी त्या बाईला सांगितले. तिने फॉर्मवरच्या त्या ओळीवर बोट ठेवले.

"मंग तवा का न्हाय पुरली?"

सोमवारी चिठ्ठी न्यायला येते म्हणून ती निघून गेली. मी फॉर्मचा गठ्ठा ओढून एकेका कागदावरची ती ओळ खोडू लागलो. नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "खोडा, सर. पण उद्या कोणी पिऊन आला तर दारात उभं कोण राहणार?"

त्यांचेही चुकत नव्हते. सोमवारी मी स्वतःच दारात खुर्ची टाकून बसलो. दुपारपर्यंत बायका येत राहिल्या, दारातल्या अनोळखी पुरुषाला पाहून पदर सावरत बाजूने आत जात राहिल्या. ती आली नाही.

तिने मूल ठेवायचे ठरवले, की ती दुसरीकडे गेली, की दारात मला पाहूनच वळली? केसपेपरवर तिचा पत्ता आहे. विचारायला गेलो तर घरात सगळ्यांना कळेल. नाही गेलो, तर तिला दुसऱ्यांदा परत पाठवल्यासारखे होईल. खुर्ची अजून दारातच आहे. ती आत घ्यावी की तिथेच राहू द्यावी, हेदेखील मला ठरवता आलेले नाही.