तीर्थानं धरलेली मोटार

देवाच्या पाण्यानं माणसाचं वाईट होतं का, हे मी विचारायचं कुणाला? सासूबाईंना विचारावं तर त्यांनी आधीच हाय खाल्लेली. नवऱ्याला विचारावं तर त्याच्या तोंडाला कुलूप. त्या हिवाळ्यात रोज सकाळी न्हाऊन मी गळ्यातलं लिंग सोडायची, डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हातानं पाण्याची धार धरायची, आणि हात मधेच थांबायचा. लहानपणापासूनची पूजा, ताप असला तरी कधी चुकवली नव्हती. पण त्या दिवसांत धार सोडताना वाटायचं, देवा, ह्याच पाण्यानं माझा संसार मोडायला निघालास की रे. मी तशी तोंडाची फटकळ, देवालाही सोडत नाही. तरी हे मोठ्यानं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

आमच्याकडं मोटार होती म्हटलं की लोकांना मोठं घराणं वाटतं. तसलं काही नव्हतं. कुणा देशमुखानं वापरून टाकून दिलेली ती जुनी गाडी, वर कापडी टप, दारं दोरीनं बांधलेली. आमच्या मालकांनी ती खटपट करून चालती केली आणि सोनपेठच्या बाजाराहून परळीला सवाऱ्या न्यायला लागले. निजामाचं राज्य होतं, सडका कसल्या त्या, नुसते खड्डे. पण गाडी गावात शिरली की तिचा आवाज लांबून यायचा आणि मी भाकरी तव्यावर टाकायची. लग्नाआधी मी पिंगळीला रेल्वेचे आवाज ऐकत वाढले होते, पण ह्या आवाजाची सर त्याला नव्हती.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना, गाडी गोठ्याशेजारच्या सपरात उभी राहिली. फौजेला डायवर पाहिजेत म्हणून भरती निघाली आणि मालक गेले ब्रह्मदेशाच्या बाजूला. जाताना आम्हां सासूसुनेला सपरात उभं करून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. इंजिनात उभी नळकांडी असतात, त्यांत लोखंडी दट्टे वरखाली होतात, त्यांना पिस्टन म्हणतात. गाडी बसून राहिली की पिस्टन नळकांड्याला धरतात, म्हणजे गंजून चिकटून बसतात. म्हणून दर सोमवारी वरचे प्लग काढायचे, भोकांत थोडं थोडं तेल सोडायचं, आणि पुढचं हँडल अर्धा फेरा फिरवायचं. "एवढं करा म्हणजे मी आलो की गाडी लगेच चालू होईल," म्हणाले. ते परत येणार, हे त्यांच्या तोंडून निघालेलं एवढंच एक वाक्य. आम्ही ते घट्ट धरून ठेवलं.

सोमवार आम्ही एकही चुकवला नाही. पुढं तेलही मिळेनासं झालं. भाजीच्या फोडणीला नाही तिथं मोटारीला कुठलं? तेव्हा सासूबाईंनी तोड काढली. सोमवारची लिंगपूजा झाली की तळहातावरून उतरलेलं तीर्थ वाटीत घ्यायच्या, त्यात तेलाचे दोन थेंब टाकायच्या, आणि पदर डोक्यावर घेऊन, पाच अक्षरांचा मंत्र म्हणत त्या भोकांत सोडायच्या. ज्या तीर्थानं जन्माचा फेरा चुकतो त्यानं लोखंड राखलं जाणार नाही का? मला तर ते बरोबरच वाटलं. आमच्या दोघींत मोटारीचं कळणारं कोण होतं! काही महिन्यांनी हँडल जड झालं, मग फिरेनाच. सासूबाई म्हणाल्या, मालक नाही म्हणून रुसली आहे, तो आला की उठेल. मग आम्ही नुसतंच तीर्थ घालत राहिलो. मी त्या टपाखाली जाऊन बसायची. गादीला त्यांच्या विडीचा वास होता, तोही पुढं पुढं विरत गेला. मी नाक लावून बसायची तशीच.

लढाई संपून लोक परतले तरी मालकांचा पत्ता नव्हता. वाट बघून बघून माझे डोळे आटले होते. एका पौषात ते गंगाखेडहून एका बैलगाडीतून आले, वाळून काटकी झालेले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सपरात जाऊन प्लग काढले, भोकात तार घातली. बाहेर आली ती तांबडा चिखल घेऊन. "ह्यात पाणी कसं आलं?" त्यांनी विचारलं. सासूबाई हौसेनं पुढं झाल्या आणि किती सोमवार तीर्थ घातलं ते कौतुकानं सांगायला लागल्या. सांगता सांगता लेकाच्या तोंडाकडं बघून थांबल्या.

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तार पुसली, ठेवली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्या दिवसापासून आईला हाक म्हणून मारली नाही. मला बोलायचे ते मीठ दे, पाणी दे, एवढंच. लढाईचं तर अक्षर नाही. रोज सकाळी सपरात जायचे, भोकांत एरंडेल आणि राकेल सोडायचे, आणि हँडलावर लाकडी हातोड्यानं घाव घालत राहायचे. इंजिन ढिम्म. एकदा जेवताना म्हणाले, शिवरात्रीपर्यंत बघतो. नाही हललं तर पिस्टन फोडूनच काढावे लागतील, नवे इकडं मिळायचे नाहीत. फौजेतला बरोबरचा एकजण हैदराबादेला एका साहेबाची गाडी चालवायला निघालाय, त्याच्यासोबत जातो. एवढी वर्षं वाट बघितली ती ह्यासाठी? माणूस चुलीपुढं बसून जेवतोय आणि मला त्याची आठवण येतेय, हे कुणाला सांगून पटणार?

सासूबाईंनी पाण्याला हात लावणं जवळजवळ सोडलं. पूजा करायच्या, पण तीर्थ कुणाला द्यायच्या नाहीत. तुळशीलासुद्धा पाणी मलाच घालायला सांगायच्या. आपल्या हाताला दोष लागलाय म्हणायच्या. म्हाताऱ्या माणसाला असं बघवत नाही.

शिवरात्र थोड्या दिवसांवर आली तेव्हा एका संध्याकाळी दारात एक म्हातारी बसलेली दिसली. उदगीरकडची, परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला निघालेली, गळ्यात आमच्यासारखंच लिंग. गुडघे धरले म्हणून बरोबरच्या बाया पुढं निघून गेल्या होत्या. "शरणार्थ माय, रातच्याला पडू दे," म्हणाली. सासूबाईंनी तिला आत घेतलं. सकाळी मी पाणी तापवलं, सासूबाई तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसल्या. बाहेर हातोडा चालू होता. म्हातारीनं विचारलं, काय चाललंय. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, तीर्थाचंही. सासूबाईंची मान खाली गेली. मला वाटलं ही आता काहीतरी देवाधर्माचं बोलणार. पण तिनं ऊन पाण्यानं गुडघे शेकून घेतले, भिंतीला धरून उठली आणि तशीच सपरात गेली.

तिनं इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाली, "आगं बया, हे तर माझ्या गुडघ्यापरीस गार हाय." मग मालकांकडं वळून, "बाबा, माझ्या गुडघ्यावर असे घाव घातले तर मी परळीला पोचंन का रं?"

मालक हसले. आल्यापासून पहिल्यांदा. अगदी ओठ हलले एवढंच, पण मी बघितलं. म्हातारी म्हणाली, आधी ऊन पाणी, मग तेल, मग हळूहळू हलवायचं. आवळलेल्या जीवावर जोर करायचा नसतो. एवढं बोलून ती दारावरून चाललेल्या एका बैलगाडीत चढून परळीकडं गेली. नाव विचारायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. पुढं परळीच्या गर्दीत मी तिला पुष्कळ शोधलं, दिसली नाही. तिला मोटारीतलं काही कळत होतं असं मला वाटत नाही. ती आपल्या गुडघ्यांचं बोलली.

पण मालकांनी हातोडा खाली ठेवला. इंजिनाच्या भिंतीतून पाणी खेळायची वाट असते, पुढच्या रेडिएटरमधून ते आत जातं, हे त्यांना ठाऊकच होतं. त्या वाटेनं उकळतं पाणी सोडलं तर नळकांडी तापून जराशी फुगतील, तेल फटीत उतरेल. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि मोठा हंडा चुलीवर चढवा म्हणाले. पाणी उकळल्यावर मी उचलायला वाकले, तर म्हणाले, तू नको. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं पाणी नको रं बाबा. माझ्याच पाण्यानं झालंय ते."

मालक त्यांच्यापुढं खाली बसले. "माय, तुझ्याच हातचं पायजे," म्हणाले.

सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. मग उठल्या, तांब्या घेतला, आणि मी धरलेल्या हंड्यातून ऊन पाणी काढून रेडिएटरच्या तोंडात सोडायला लागल्या. मालकांनी खालची तोटी उघडून निवलेलं पाणी काढायचं, सासूबाईंनी पुन्हा ऊन घालायचं. रोज सकाळी हेच. मग भोकांत कोमट तेल, मग हँडलाला हात लावून जरा इकडं, जरा तिकडं. हलायचं नाही काही. तरी सपरात बोलणं ऐकू यायचं. माय, पाणी लवकर आण. माय, पाय जपून. मी चुलीपुढं बसून ऐकायची आणि भाकरी करपायची.

शिवरात्र आली आणि गेली. इंजिन हललं नाही. हैदराबादेचा सोबती बोचकं घेऊन दारात उभा राहिला. माझा जीव टांगणीला. मालक म्हणाले, तू हो पुढं, आज पाणी घालायचं राहिलंय. तो वैतागून निघून गेला. मी देवापुढं गेले आणि काही मागायचं सुचेना. इतकी वर्षं मागत होते, आज मागणंच संपलं. म्हटलं, तुझं तू बघ, मी आता मधे येत नाही.

त्यानंतर कधीतरी, साध्याच एका दिवशी, मालकांनी मला बोलावलं. एका भोकावर अंगठा दाबून धर, पिस्टन हलला तर वारा लागेल, म्हणाले. सासूबाई पाणी घालत होत्या. मालकांनी हँडल हळूच दाबलं, सोडलं, दाबलं. आत कुठंतरी करकर वाजलं. हँडल बोटभर खाली गेलं, मग वीतभर. माझ्या अंगठ्याला आतून काहीतरी फुंकर मारल्यासारखं लागलं.

"वारा यायलाय," मी म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "अवो, आतून वारा यायलाय."

मालकांनी आणखी एक फेरा दिला आणि मग हँडल सोडून गाडीच्या पायदानावर बसले. दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. सासूबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या. रडता रडता ते बोलायला लागले. ब्रह्मदेशातल्या चिखलातल्या रस्त्यांचं, लॉरीत शेजारी बसलेल्या पोराचं, त्याला तिथंच टाकून पुढं जावं लागलं त्याचं. दुपार होईपर्यंत बोलत होते. चूल विझली, जनावरांना पाणी दाखवायचं राहिलं, कुणी उठलं नाही. मी अंगठा पुसलाही नव्हता. लोक म्हणतात माझा नवरा पौषात परतला. मी काही वाद घालत नाही. पण मला विचाराल तर तो घरी आला त्या दिवशी.