अक्काची सोवळ्यातली घागर

अक्का गेली त्याच्या आदल्या दिवशी धारवाडच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. ताप उतरत नव्हता. कपाळावरची घडी बदलताना तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, "रिंग काढून ठेवली होती गं... मामंजींचं श्राद्ध होतं. रबर अंगात ठेवून सोवळ्यात कशी वावरू?" एवढंच. महिना उलटला, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आमचे वडील भिक्षुकी करणारे. घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी. ए. झाले, हुबळीच्या शाळेत शिकवू लागले, त्या पदवीचा भार अक्काच्या कमरेने वाहिला. "तू पुस्तक धर, घागर मी धरते," म्हणत माझ्या वाट्याचं पाणीही तीच विहिरीवरून आणायची. सासरीही तेच. प्रत्येक बाळंतपणात न्हाण झालं की लगेच घागर घेऊन उभी. शेवटच्या बाळंतपणानंतर तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येऊ लागलं. बायका हे आपसांतही कुजबुजूनच बोलतात. मी इथे उघड लिहिते आहे, कारण त्या कुजबुजण्यानेच ती गेली. खाली सतत काहीतरी ओढल्यासारखं वाटे, लघवीला त्रास होई, आणि काम करता करता ती मध्येच दाराच्या चौकटीला धरून थांबे. विचारलं की म्हणे, "पाय मुरगळलाय." किती वर्षं तो पाय मुरगळलेलाच होता...

शेवटी मीच तिला टांग्यातून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासून आत रबराची रिंग बसवली, म्हणजे अंग जागेवर राहील. ती काढायची, धुवायची, पुन्हा घालायची कशी, तेही शिकवलं आणि बजावलं, "भार एत्तबेड, अक्का. ओझं म्हणून उचलायचं नाही." परतताना अक्का हसली. "बाईंना सांग, आमच्या घागरीला कन्नड येत नाही." पण रिंगेने तिला खरंच आराम पडला. ती ताठ चालू लागली. मला वाटलं, सुटली एकदाची.

मामंजींच्या श्राद्धाच्या दिवशी अक्काची सून शांता बाळंत होऊन अजून माहेरीच होती. सोवळ्याच्या पाण्याला सोवळ्यात नसलेल्याचा हात चालत नाही, म्हणून अक्काने रिंग काढून ठेवली आणि सगळं पाणी एकटीने भरलं. अंग बाहेर आलं, सुजलं, आत जाईना, लघवी अडली. पुरुषांना हे कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. भावजींना कळलं ते ताप चढल्यावर. तोवर विष अंगभर पसरलं होतं.

परवा अक्काच्या मासिक श्राद्धाला तिच्या घरी गेले. न्हाणीच्या कोनाड्यात, करवंटीत, ती रिंग तशीच होती. स्वच्छ धुतलेली. मागच्या अंगणात शांता ओल्या नेसूने भरली घागर कमरेवर घेऊन विहिरीवरून येत होती. आत पाळण्यात तिचं तान्हं बाळ रडत होतं. मी धावत जाऊन हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"मावशी, शिवू नका. सोवळ्याचं पाणी आहे."

ती माझ्या बाजूने पुढे गेली... आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीला धरून, क्षणभर थांबली.