फिरवलेला कौल

माझ्या नवऱ्याला, विल्सनला, वाटतं की त्याला माझं सगळं माहीत आहे. पण ही एक गोष्ट त्याला माहीत नाही. दादाला नाही. वहिनीला तर नाहीच. आज पहिल्यांदा ती तोंडाबाहेर काढतेय, आणि काढतेय ती तुमच्यासमोर, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी देव मानत नाही. म्हणजे — मानत नव्हते. आता काय म्हणावं ते मला कळत नाही.

बाबा सावंतवाडीकडून नोकरीसाठी दिल्लीला आले. मी आणि दादा इथलेच. येताना बाबांनी गावाहून वीतभर उंचीची पितळी देवी आणली होती. मी दहावीत असताना बाबा आजारी पडले. आई त्या देवीपुढे पदर पसरून बसायची. एकदा तर तिने कपाळ टेकवलं ते इतका वेळ, की मला वाटलं तिला झोपच लागली. बाबा गेले. मी देवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं — कालचाच चेहरा. तेच किंचित हसू. त्या दिवशी मी ठरवलं, तिथे कोणी नाही. दादाही तिथेच उभा होता, त्यानेही तेच पाहिलं, आणि त्याने उलट ठरवलं. तो म्हणायचा, "देवी नसती तर आपण तिघं उभे राहिलो असतो का, मेधा?" एकाच घरात, एकाच मरणातून एक आस्तिक निघाला आणि एक नास्तिक. गंमत आहे. पुढे मी इथेच केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला लागले, नगरच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, आणि माझ्या नास्तिकपणाचा मला चक्क अभिमान वाटू लागला. अभिमान — हा शब्द लक्षात असू द्या.

आई दादा-वहिनीकडे गाझियाबादला राहायची. सत्तरी ओलांडलेली, डायबिटीस. पोटात दुखायला लागलं, तपासलं तर पित्ताशयात खडे. डॉक्टर सरळ बोलले, "माताजी का ऑपरेशन टालिए मत. इसी महीने करवा लीजिए." पण साखर, वय, भूल — धोका आहे हेही त्यांनीच सांगितलं. दादा घाबरला. आई मात्र शांत होती. तिच्या दोनच अटी. एक, देवीचा कौल घ्यायचा. दुसरी, मेधा जवळ असल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही.

त्याच महिन्यात मला ऑफिसतर्फे युरोपात ट्रेनिंगला जायचं होतं.

किती वर्षं वाट पाहिली होती मी त्याची! दर वेळी यादीतून माझं नाव कुणीतरी वरचा कापायचा. या वेळी व्हिसा हातात होता, बॅग अर्धी भरली होती. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं — "आई, मी परत आल्यावर करूया का?" तोंडाने म्हणायचं होतं. दादा चिडला असता कदाचित. आई "बरं" म्हणाली असती, आणि तिचा चेहरा मला विमानात दिसत राहिला असता. मला जायचंही होतं आणि वाईटही दिसायचं नव्हतं. मी गप्प राहिले.

कौल म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नको. बस्स. लहानपणी मी याच्यावर किती हसले असेन! पाणी सुकतं, पाकळी पडते. त्यात देवी कुठे आली?

नोव्हेंबर होता. बाहेर धुराचं ते पिवळट-राखाडी आभाळ, खिडक्या घट्ट बंद, तरी घसा खवखवत होता. भर सकाळी दिवे लावावे लागले होते. वहिनीने शेवंतीच्या पाकळ्या लावल्या. तिची बोटं थरथरत होती हे मला आठवतं — मला वाटलं, भक्तीने. दादाने गाऱ्हाणं घातलं, "ऑपरेशन आत्ता करायचं असेल तर उजवा दे, थांबायचं असेल तर डावा दे." मग आम्ही सगळे बसून राहिलो. बराच वेळ झाला तरी पाकळ्या हलेनात. दादाला डॉक्टरांचा फोन आला, तो बाल्कनीत गेला. स्वयंपाकघरात दूध उतू जातंय असं वाटून वहिनी धावली. देव्हाऱ्यासमोर उरलो आम्ही दोघी. आई डोळे मिटून जप करत होती. माझ्यापासून हातभर अंतरावर.

आणि उजवी पाकळी पडली.

आवाज झाला नाही. पाकळीचा कसला आवाज होणार? तरी मला वाटलं की सगळ्या घराला ऐकू गेला. मी पाकळी उचलली. तांब्यात बोट बुडवलं, ती ओली केली, परत उजव्या खांद्यावर चिकटवली. डावी नखाने सोडवली. ती देवीच्या पायाशी पडली.

एवढंच. श्वास घेऊन सोडावा तितका वेळ. आणि मनात काय होतं सांगू? भीती नव्हती. मी स्वतःला म्हणत होते — तिथे कोणी नाहीच, तर मग पाकळी कुठली पडली याने काय फरक पडतो? माझा सगळा नास्तिकपणा, ज्याचा मला अभिमान होता, तो त्या क्षणी माझ्या असा उपयोगी पडला. जे मला स्वतःच्या तोंडाने बोलवत नव्हतं, ते मी देवीच्या तोंडी घातलं.

आईने डोळे उघडले. आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं का? मला खरंच माहीत नाही. दादा आत आला, त्याने हात जोडले. "डावा. थांबायचंय." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. डॉक्टरांना त्याने कळवलं, पुढच्या महिन्यात बघू.

निघताना मी आईच्या पाया पडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा. देवीनेच तुला मोकळं केलंय."

हे तिने सहज म्हटलं की — ? राहू द्या. त्या वाक्याशी मी खूप भांडले आहे.

दादाचा फोन आला तेव्हा मी नदीकाठी होते. ऊन होतं, स्वच्छ हवा होती, सगळे फोटो काढत होते आणि मी कशावर तरी मोठ्याने हसत होते. पित्ताशय आतल्या आत फुटलं होतं. मी पोचले तेव्हा आई नळ्यांमध्ये होती, तिने मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, "पहले आ जाते तो…" दादा भिंतीला टेकून खाली बसला. दोन दिवसांनी आई गेली.

तेरावं झालं आणि दादाने देवी उचलून कापडात गुंडाळली. विसर्जन नाही, काही नाही. गाडीतून माझ्याकडे घेऊन आला. "तू ठेव. तुझा तसाही विश्वास नाही, तुला काय त्रास व्हायचा? मला हिचं तोंड बघायचं नाही. विचारलं होतं यार मी हिला. हात जोडून विचारलं होतं." पन्नाशीचा माणूस, लहान मुलासारखा रडत होता. त्याला सांगायला हवं होतं ना — दादा, तिने बरोबर सांगितलं होतं? मी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

तेव्हापासून मी ही बेरीज पुन्हा पुन्हा करते. देव नसेल, तर पाकळी पाण्यामुळे पडली आणि आईला मी मारलं. देव असेल, तर त्याने वेळेवर सांगितलं होतं आणि तरीही मीच मारलं. कुठल्या बाजूने गेलं तरी मी तिथेच पोचते. लोक म्हणतात, अजून ठरत नाही बुवा देव आहे की नाही, मोठा विचार चाललाय. माझं ठरत नाही ते विचारामुळे नाही. ठरवायची हिंमत नाही म्हणून. एकदा मी विल्सनला विचारलं, तू का मानतोस? तो भाजी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "कोणीतरी सगळं बघतंय, या विचाराने बरं वाटतं मला." मी पाणी प्यायला उठले.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो अपराध. नाही. एवढंच असतं तर कदाचित मी हे तसंच घेऊन मेले असते.

आईच्या वर्षश्राद्धानंतर वहिनी एकटी माझ्याकडे आली. देवीचं कपाट आतल्या खोलीत आहे. वहिनी उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करून थांबली. मी म्हटलं, आत ये ना. तर ती तिथेच खाली बसली आणि बोलू लागली. कौल लावला त्या सकाळी तिला पाळी आली होती. घरात आई आजारी, दादा घायकुतीला आलेला, मध्येच कसं सांगायचं म्हणून तिने लपवलं आणि तशीच पाकळ्या लावल्या. "म्हणून कौल उलटा लागला, मेधा. देवी बरोबर असते. हात माझे विटाळलेले होते. आईंना मी मारलं."

माझ्याकडे एक वाक्य होतं. फक्त एक. ते बोलले असते तर ती त्या उंबऱ्यावरून मोकळी होऊन उठली असती. मी तिला काय दिलं? भाषण. पाळी म्हणजे शरीराची साधी क्रिया, विटाळ वगैरे काही नसतं, एवढी शिकलेली तू, हे काय घेऊन बसलीस! तिने सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरं आहे," म्हणाली, "तू मानत नाहीस." आणि मला — हेही सांगून टाकते — मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी दुसऱ्याने ते उचललं होतं.

ती अजून त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. इतकी वर्षं झाली.

आता तिचंच दुखणं निघालंय. पाळी थांबायच्या वयात उलट अंगावरून फार जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय काढावं लागेल, तपासणीलाही पाठवावं लागेल, उशीर करू नका. वहिनी नाही म्हणते. दादा ओरडला, रडला, शेवटी मला म्हणाला, तू समजव तिला, तुझं ऐकते ती. मी समजावलं. विल्सनलाही बोलायला लावलं. तिने आमचं दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या गोष्टीने मी देवीला फसवलं तिथूनच ती घेतेय. घेऊ दे. फिटेल तरी." अगदी शांतपणे म्हणाली. कुणाला तरी दिलेला शब्द पाळत असल्यासारखी.

मी तिला रिपोर्ट वाचून दाखवले. दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं. आईची शपथ घातली — हो, तीसुद्धा मी घातली. सगळं केलं, ते एक वाक्य सोडून.

गेल्या रविवारी ती येऊन गेली. चेहरा पिठासारखा झालाय, दोन पायऱ्या चढली की थांबते. मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. हवेत पुन्हा तो धूर उतरायला लागला होता, समोरची इमारत अर्धीच दिसत होती. रिक्षात बसताना तिने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार. "किती करतेस गं तू माझ्यासाठी," म्हणाली.

मी तोंड उघडलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच उघडलं.

"पोचल्यावर फोन कर," म्हटलं.

तिने केला. मी म्हटलं, बरं.